कडू कागद

पांडेसरा, सुरत
१२ जानेवारी १९९७

वाल्मिकदादा,

पाकीट जाड लागलं म्हणून आत काही खाऊ असेल असं वाटलं असेल, तर तसं नाही. आत कागदाच्या पट्ट्या आहेत, आणि त्या तुला अख्ख्या सावरखेड्याला चाटायला द्यायच्या आहेत. हसू नकोस. माझं बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष आहे आणि हा माझा प्रकल्प आहे.

निळ्या दोऱ्याने बांधलेल्या पट्ट्यांना एक औषध लावलेलं आहे. ते काही जणांना जिभेवर ठेवताच कडूजहर लागतं आणि काही जणांना काही म्हणजे काहीच लागत नाही. हा गुण जन्मजात असतो. अर्धा वाटा आईकडून येतो, अर्धा बापाकडून. दोन्हीकडून ‘न लागणारा’ आला तरच कडू लागत नाही. एकीकडून जरी ‘लागणारा’ आला, तरी तो दुसऱ्याला झाकून टाकतो. आप्पांच्या डाइंग मिलमध्ये गडद रंगाखाली फिकट रंग गायब होतो ना, तसंच.

आता गंमत अशी, की पाच अटी पाळल्या तर एखाद्या वस्तीत या दोन वाट्यांचं प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या जागचं हलत नाही. वस्ती मोठी पाहिजे. बाहेरून कुणी येऊ नये की आतून कुणी जाऊ नये. गुण आपणहून बदलू नये. कडू लागण्या-न लागण्यानं कुणाच्या जगण्यात किंवा लेकरं होण्यात फरक पडू नये. आणि पाचवी अट, लग्न जमवताना कुणी हा गुण पाहू नये. याला समतोल म्हणतात. पाचवीची तर मला काळजीच नाही. आपल्यात लग्न जमवताना कूळ पाहतात, शेत पाहतात, मुलीला चालून दाखवायला लावतात, पण जीभ कोण पाहतंय?

आपली अर्धी माणसं इथे सुरतेत आणि अर्धी तिकडे. दोन्हीकडचं प्रमाण सारखं आहे का, एवढंच मला बघायचं आहे. घरापासून सुरुवात केली. आबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आपले आजी-आबा अजून इथेच आहेत. दोघांनाही काही लागलं नाही. आजी म्हणाली, “आते कागद खावानाच बाकी व्हता.” आईलाही काही नाही. आप्पा मात्र मोरीकडे धावले. मला लागतं, मी त्यांच्यावर गेले आहे.

पांढऱ्या दोऱ्याच्या पट्ट्या साध्या आहेत, त्यांना काही लावलेलं नाही. प्रत्येकाला आधी साधी द्यायची, मग निळी. गिळायची नाही, नंतर चूळ भरायची. मावशीला नमस्कार. तिच्या हातच्या मांड्यांची आठवण काढल्याशिवाय आमच्याकडे एक सण जात नाही.

तुझी,
चंचल


सावरखेडे, ता. पारोळा
२ फेब्रुवारी १९९७

शास्त्रज्ञबाई चंचल,

बारावीला जीवशास्त्रात गटांगळी खाल्लेल्या माणसाला तू हे काम दिलंस, तुझ्या धाडसाला दाद द्यायला हवी. पण पार पाडलं. दोन दिवस एकही मोटार नव्या तारेनं भरली नाही. लोकांच्या विहिरीवरच्या मोटारी जळून दुकानात पडल्यात आणि मी त्यांच्या मालकांना कागद चाटवतोय.

पारावरच्या पुरुषांपासून सुरुवात केली. तिथे तुझ्या पुस्तकाप्रमाणे झालं. कुणी शिव्या घातल्या, कुणी “काहीच नही” म्हणून आणखी एक मागितली. आमच्या बापूंना इतकी कडू लागली, की त्यांनी गुळाचा खडा तोंडात धरून दुपार काढली. मलाही कडूच लागली.

बायका गाठल्या पिठाच्या गिरणीवर. सगळ्यात पुढे आपली शोभाबाई. तिला आधी साधी पट्टी दिली, तर तीच तिला कडू लागली! असं तोंड केलं की बस. किती तिखट जीभ असेल बघ. मग तिच्यामागे रांगेत एकजात सगळ्यांना निळी कडू लागली. आमच्या मातोश्रींनी तर “थू! जहर शे, जहर!” म्हणत थेट गिरणीच्या दारापर्यंत पिचकारी मारली. बायका म्हणाल्या, लागणारच, पंचक्रोशीच्या लग्नांचे मांडे करणारी जीभ आहे ती. आई दोन दिवस तोऱ्यात आहे.

बाकी तुझ्या पाच अटी वाचून फार हसलो. म्हणे कुणी येऊ नये की जाऊ नये! गावातलं निम्मं तरुण पोरगं सुरतेच्या उधना स्टेशनवर उतरून यंत्रमागावर उभं आहे. दिवाळीला येतं, शिमग्याला जातं. तुझा समतोल आमच्या एस.टी.त बसायचा नाही.

यादी सोबत आहे. तुमच्या चाळीत कुणाकुणाला काय लागलं ते नावानिशी सविस्तर कळव. उगीच ‘अमुक लोकांना लागलं’ असं नको. प्रत्येकाचं नाव लिही. शास्त्राच्या कामात हयगय नको.

तुझा,
वाल्मिक


पांडेसरा
२० फेब्रुवारी १९९७

वाल्मिकदादा,

तुझ्यात एवढा शास्त्रज्ञ दडला असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. नावानिशी पाहिजे म्हणतोस, तर घे. शेजारचे मगनकाका, कडू. त्यांच्या बायकोलाही कडू. त्यांच्या शीतलला मात्र काही नाही. तुला आठवत असेल, आबांना सोडायला आलास तेव्हा आपल्याबरोबर लोचो खायला आली होती ती. पट्टी जिभेवर ठेवून ती साडीवर टिकल्या चिकटवत बसली आणि थोड्या वेळानं मला म्हणाली, “ते कडूवाली पट्टी कधी देणार?” आईबाप दोघांना कडू लागतं आणि मुलीला नाही, म्हणजे दोघांकडेही झाकलेला ‘न लागणारा’ होता आणि दोघांनी तोच तिला दिला. पुस्तकातलं उदाहरण माझ्या भिंतीपलीकडे राहतं, मला किती आनंद झाला म्हणून सांगू! भेस्तानच्या नितीनमामालाही लागलं नाही. बाकीची नावं मागच्या पानावर आहेत.

पण दादा, एक कोडं पडलंय. आमच्या चाळीत तिघांत एकाला कडू लागत नाही. तुझ्या पारावरही तसंच. पण तुझ्या यादीतल्या बायका बघ. झाडून सगळ्या कडूवाल्या! प्रकल्पाच्या सरांनी यादीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “बेन, आमां कंईक गोटाळो छे.” मी खूप विचार केला. दुसरी अट मोडली असणार. ज्या बायकांना कडू लागत नाही त्या सगळ्या लग्न करून सुरतेला आल्या असतील का? इथलं खाडीकडचं पाणी पिऊन टिकायचं तर जीभ तशीच पाहिजे! सरांना हे सांगितलं तर ते चष्मा काढून बराच वेळ डोळे पुसत राहिले.

शोभाबाईंची साधी पट्टी कडू निघाली, म्हणजे दोन्ही गठ्ठे पाकिटात एकमेकांना लागले असतील. चूक माझीच.

तुझी,
चंचल


सावरखेडे
९ मार्च १९९७

चंचल,

तुझ्या प्रकल्पाला आग लागो. नाही, असं म्हणत नाही, पण मी फार अडचणीत आहे. तेव्हा नीट वाच.

तुझे कागद गिरणीवरच थांबले नाहीत. शोभाबाईनं उरलेल्या पट्ट्या माझ्याकडून मागून नेल्या आणि मुलासाठी मुलगी बघायला गेली तिथे पोहे खाण्याआधी मुलीच्या हातावर पट्टी ठेवली! मुलगी बिचारी म्हणाली, काही लागत नाही. शोभाबाई उठून आली. का, तर म्हणे जिभेला कळत नाही ती घरात काय रांधणार. आता ही टूमच निघाली आहे. लोक एका पट्टीचे चार तुकडे करून वापरतात. परवा शेजारच्या गावाहून एकजण माझ्या दुकानात येऊन विचारत होता, “ते सुनांचे कागद आठेच भेटतस का?”

आणि आमची आई यात सगळ्यात पुढे. ती म्हणते, मांडे करणाऱ्या घरात जिभेची पक्की सून पाहिजे.

आता जे लिहितो ते कुणाला दाखवू नकोस. तू मला शास्त्रज्ञ म्हणालीस, मी कसला शास्त्रज्ञ. मला एकाच नावापुढे काय आहे ते वाचायचं होतं, किंवा खरं सांगायचं तर तुझ्या पत्रात ते नाव नुसतं वाचायचं होतं. लोचो खाल्ला त्या दिवसापासून माझं असं झालंय. मागच्या आठवड्यात धीर करून आईला सांगितलं, शीतलशी जमव, नाहीतर मला लग्नच नको. आई खूश झाली. मगनकाकांचं घर तिला पसंत, सोयरिकीत बसतं. मी आनंदाच्या भरात तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. वाचता वाचता ‘शीतलला मात्र काही नाही’ इथे आलो आणि जीभ चावली, पण तोवर ऐकून झालं होतं. आई म्हणाली, “मंग जमाव नही.”

खूप रडलो-भांडलो. शेवटी एवढंच कबूल झालं, की पाडवा झाला की ती स्वतः सुरतेला येणार आणि आपल्या हातानं शीतलच्या जिभेवर पट्टी ठेवून बघणार. एक पट्टी तिनं पुरणाच्या डब्यात जपून ठेवली आहे.

तू एक कर. शीतलला सांग, पट्टी ठेवली की तोंड वाकडं करायचं आणि थू थू करायचं. बस, एवढ्यावर माझं आयुष्य आहे.

वाल्मिक


पांडेसरा
१८ मार्च १९९७

दादा,

आधी मनसोक्त हसून घेतलं, मग तुझा राग आला, आणि मग डोळ्यांत पाणी आलं. एवढे दिवस मी चाळभर नावं गोळा करत बसले आणि तू त्यातलं एकच वाचत होतास!

आता शास्त्र ऐक. तुम्ही लोकांनी माझी पाचवी अट मोडलीत. मोजायला दिलेल्या मापानं तुम्ही लग्नं जमवायला लागलात. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, तुझ्या कागदानं समतोल मोजला नाही, बिघडवला. आणि हे मावशीला, बापूंना, शोभाबाईंना, सगळ्यांना ओरडून सांग. हा कागद एकाच औषधाचा. त्याचा स्वयंपाकाशी काही संबंध नाही. ज्यांना कागद कडू लागत नाही त्यांना कारलं कडूच लागतं, काकडीचं कडू टोकही कळतं. त्या बिचाऱ्या मुलीला शोभाबाईंनी फुकट नाकारलं.

तुझा निरोप शीतलला दिला. ती टिकल्या लावत होती. गोंदाची काडी खाली ठेवली आणि म्हणाली, “मी नाय तोंड वाकडं करणार. आज एक कागद खोटा कडू म्हटला, तर त्या घरात जन्मभर मला दुसऱ्याचं तोंड बघून चव सांगावी लागेल.” मी म्हटलं, अगं मग लग्न मोडेल. तर म्हणाली, “मोडू दे.” पण मोडू दे म्हणताना तिनं तीच टिकली तीन वेळा उपसून तीन वेळा चिकटवली. आणि लोचो खाताना तुझ्या मिशीला शेव लागली होती, हे ती मला आजवर कितीदा तरी हसत सांगते. यावरून काय समजायचं ते समज.

सोबत दुसरं पाकीट आहे. ते मावशीचं. चिकटवलेलं आहे. तू उघडलंस तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही.

चंचल


पांडेसरा
१८ मार्च १९९७

प्रिय मावशी,

तू चौथी शिकलीस आणि शाळेत तुझं अक्षर पहिलं होतं, असं आई सांगते. म्हणून हे पत्र तुलाच लिहिते आहे, मोठ्या अक्षरात. दादाला वाचायला देऊ नकोस.

मी इथे सगळ्यांना कागद दिला. तुझ्या आईला, म्हणजे आजीला, काही लागलं नाही. आबांना नाही. आईला नाही, नितीनमामालाही नाही. पुस्तकात लिहिलंय, की आईबाप दोघांनाही लागत नसेल तर त्यांच्या कुठल्याच लेकराला लागत नाही. सर म्हणतात पुस्तक म्हणजे देव नाही. म्हाताऱ्या माणसांची जीभ थकते, आजीची मिश्री आहे, आबांची तंबाखू आहे. तेव्हा मी काही म्हणत नाही. यादीत तुझ्या नावापुढे जे आहे ते मी खोडलेलं नाही, आणि तू सांगितल्याशिवाय खोडणार नाही. हे फक्त तुला माहीत आहे आणि मला.

एकच विचारते. खापरावरचे मांडे तुला आजीनंच शिकवले ना? त्याच आजीनं, जिला कागदाचं काही लागलं नाही?

शीतल तोंड वाकडं करणार नाही म्हणते. तुझं मन मऊ आहे मावशी, मला माहीत आहे. पाडवा झाला की ये. मी उधन्याला न्यायला येते.

तुझी,
चंचल


सावरखेडे
३० मार्च १९९७

चंचल,

हे कार्ड घाईत. आईला काय लिहिलंस? चार दिवस ती माझ्याशी धड बोलत नाही. पत्र पोलक्यात ठेवून फिरते. दोन वेळा चुलीपाशी बसून वाचताना पाहिली. काल सलग तिसऱ्यांदा कारल्याची भाजी केली. बापू म्हणाले, कलाबाई, कुणावर राग आहे? तर म्हणाली, “मी बघी ऱ्हायनू, माले कारलं कडू लागस की नही.” हे काय चाललंय घरात?

शनिवारी, १२ एप्रिलला, पॅसेंजरने निघतो. पट्टी डब्यातून काढून पदराला बांधली आहे. माझं काही खरं नाही.

वाल्मिक


पांडेसरा
२१ एप्रिल १९९७

मावशी,

तुम्ही गेल्यापासून चाळीत पेढ्यांचा वास आहे. मगनकाका मिलमधून रंगानं हिरव्या झालेल्या हातांनी आले आणि तसेच सगळ्यांना पेढे वाटले, त्यामुळे आमच्याकडे निम्मे पेढे हिरवे पोहोचले. आबांना अजून नीट दिसत नाही, त्यांनी पिस्त्याचे समजून चार खाल्ले. आई येताजाता गाणी म्हणते. दादाला सांग, साखरपुड्याला त्यानं घातलेला शर्ट मागून इस्त्रीनं जळलेला होता आणि ते सगळ्यांनी पाहिलं, पण कुणी काही बोललं नाही.

पण मावशी, मला चैन नाही. तू आलीस, चहा घेतलास, मगनकाकूंची विचारपूस केलीस, पदराची गाठ सोडलीस. दादाच्या हातातला कप बशीवर वाजत होता. आणि तू उठून शीतलला म्हणालीस, “चाल, चुल्हापा जाऊत,” आणि आतल्या खोलीचं दार लावून घेतलंस. मग दोघींचं हसू, आणि तेही असं, की भिंतीवरची भांडी पडतील. दार उघडलं तर तुझा पदर डोळ्याला आणि शीतलच्या कपाळावर तू लावलेलं कुंकू!

त्या दिवसापासून मी शीतलच्या मागे लागले आहे. आत काय झालं ते सांगत नाही. म्हणते, ते मावशींचं आहे, त्यांनाच विचार. म्हणून विचारते. माझी परीक्षा संपली, प्रकल्प मात्र सरांनी ठेवून घेतलाय. म्हणतात, गावाकडच्या बायकांचं गणित सुटेपर्यंत सही नाही.

चंचल


सावरखेडे
१३ मे १९९७

चंचल बेटी,

आशीर्वाद. शाळा सोडल्यापासून मी एवढं लांब पत्र लिहिलं नाही. वाल्म्या म्हणाला, मी लिहून देतो. मी म्हटलं, तू तुझ्या मोटारी भर. चुका झाल्या तर हसू नको, पण आखाजीचा सण झाल्यावर लिहायचं ठरवलं होतं, म्हणून उशीर झाला. का ते पुढे कळेल.

आधी गिरणीचं सांगते. त्या दिवशी शोभाबाईनं तोंड वाकडं केलं. तिच्या मागे दुसरीनं केलं. माझी पाळी आली, कागद जिभेवर ठेवला, आणि चंचल, काही नाही. कोऱ्या वहीचं पान चाटावं तसं. मागे बाया उभ्या. मनात आलं, आता या म्हणतील कलाबाईच्या जिभेला कळत नाही, मग लग्नाचे मांडे कोण सांगेल? वीस वर्षं झाली, खापर माझ्या चुलीवर आहे. मी थुंकले. आणि एकदा थुंकलं की पुढे तेच खरं धरून चालावं लागलं. नंतर तर मलाच वाटायला लागलं, की लागलं होतं मला.

तुझं पत्र आलं तेव्हा राग आला. मग ते आईचं वाचलं. खरंच, माझ्या आईनं मला मांडे शिकवले. मनगटावर पोळी कशी फेकायची, खापरावर कशी टाकायची. तिनं कधी जिभेचं नाव घेतलं नाही. ती हात बघायची.

सुरतेला मगनभाऊंच्या आतल्या खोलीत मी पोरीला पट्टी दिली. अर्धीच दिली, अर्धी माझ्या हातात. तिनं ठेवली. मी म्हटलं, “काय लागस पोरी, खरं सांग.” म्हणाली, “काहीच लागत नही, मावशी.” म्हटलं, “नीट देख. जरासं बी नही?” “जरासं बी नही. तुमले राग उना तरी नही.” असं म्हणून माझ्याकडे सरळ बघत राहिली. डोळे भरले होते, पण तोंड सरळ. बाहेर माझ्या पोराचा कप वाजत होता तो आम्हाला आतपर्यंत ऐकू येत होता. पोरीला माहीत होतं, एवढं तोंड वाकडं केलं की झालं. तिनं केलं नाही. आणि मी, एवढी मोठी बाई, कुणी काही म्हणेल म्हणून गिरणीच्या दारापर्यंत थुंकले होते.

मग मी उरलेली अर्धी माझ्या जिभेवर ठेवली. दोघी तोंडात कागद धरून बसलो एकमेकींकडे बघत. मी म्हटलं, “माले बी नही व माय!” झालं. तिथून पुढे जे हसू सुटलं ते तुम्ही ऐकलंच. ती म्हणाली, मला मांडे शिकवाल का? मी तिचे हात हातात घेऊन पाहिले. टिकल्या लावून लावून बोटं कशी हलकी झालीत! या बोटांना खापर दोन महिन्यांत येईल. मला दुसरी कसली परीक्षा घ्यायची होती?

आता आखाजीचं. सगळ्या सासुरवाशिणी माहेरी आल्या होत्या, निंबाला झोके बांधले होते. मी झोक्यावर बसले आणि वरूनच सांगून टाकलं, की बायांनो, मला तो कागद कडू लागला नव्हता, मी खोटं तोंड केलं, आणि माझ्या सुनेलाही लागत नाही, आणि लग्नाला सगळ्यांनी मांडे खायला यायचं. मला वाटलं आता हसतील. तर खालून एकीचा आवाज, “माले बी नही लागनं व्हतं.” मग दुसरी. मग तिसरी. शेवटी शोभाबाई उठली, म्हणाली, “मन्हा कागद ते साधाच व्हता म्हने!” आणि स्वतःच पोट धरून हसायला लागली. तिच्या तोंडाकडे बघून मागच्यांनी तोंडं केली, आणि ज्यांना लागलं नव्हतं त्यातली कुणीच खरं बोलली नव्हती. ती त्या नाकारलेल्या मुलीच्या घरी दुसऱ्या दिवशी साडी घेऊन गेली. जमलं तिच्या मुलाचंही.

तर तुझ्या सरांना सांग, आमच्या बाया काही सुरतेला पळून गेल्या नव्हत्या. इथेच होत्या. गणित चुकलं ते लाजेनं. आणि तुझी ती पाचवी अट आता या गावात कुणी मोडणार नाही, त्याची जबाबदारी माझी. कुणी पोह्यांआधी कागद काढला तर मी आहे.

माझ्या नावापुढचं खोड आणि खरं लिही. बाकीच्या बायांचं काय खोडायचं ते तुला कळणार नाही, म्हणून नव्या पट्ट्या पाठव. या वेळी रांग लावणार नाही. एकेकीला माझ्या चुलीपाशी बोलावून विचारीन, म्हणजे दुसरीचं तोंड बघून कुणी तोंड करणार नाही.

वाल्म्याला कागद कडू लागतो, शीतलला नाही. पुढे काय होईल ते तुझं पुस्तक सांगत असेल, पण तू मला सांगू नको. पट्ट्या पाठवशील तेव्हा एक जास्तीची घाल. ती मी पुरणाच्या डब्यात ठेवणार आहे. ती कुणाच्या नावापुढे लिहायची ते नाव अजून ठेवायचं आहे.

लग्न पंचवीस तारखेला. तू चार दिवस आधी ये. खापर तापलेलं असेल.

तुझी मावशी,
कलाबाई